टाचणातला 'समजेल'

बीड जिल्ह्यात, बालाघाटच्या डोंगरपट्ट्यात आमची जिल्हा परिषदेची दोनशिक्षकी शाळा. पहिली ते तिसरी बाईंकडे, चौथी-पाचवी माझ्याकडे. त्या वर्षी पाचवीच्या परिसर अभ्यासाचं माझं पहिलंच टाचण, म्हणजे पाठाआधी लिहायची तयारीची नोंद, आमच्या भागातल्या शाळांवर देखरेख करणाऱ्या केंद्रप्रमुखांनी परत केलं. मी लिहिलं होतं, 'विद्यार्थ्यांना बाष्पीभवन समजेल.' त्यातल्या 'समजेल'खाली लाल रेघ.

"गुरुजी, समजलं हे तुम्हाला दिसणार कसं?"

राग आला. वीस वर्षं उद्दिष्टं अशीच लिहीत आलो होतो. अध्ययन निष्पत्ती, म्हणजे शिकून पोरांना काय करता यावं याची यादी, 2017 पासून आल्या, पुस्तकाच्या सुरुवातीला छापलेल्याही असतात; पण खोटं कशाला बोलू, ते पान उलटून मी थेट अनुक्रमणिकेवर जायचो. त्या रात्री पहिल्यांदा नीट वाचलं. निरीक्षणं तक्त्यात मांडतात, अंदाज बांधून पडताळतात, नकाशात ठिकाणं-दिशा दाखवतात, वडीलधाऱ्यांशी बोलून जुन्या-नव्या चालीरीतींतला बदल शोधतात, स्थलांतरासारख्या प्रश्नांवर मत मांडतात. म्हणजे करायचं सगळं पोरांनी. मग मी काय करायचं, हे मात्र कुठं लिहिलेलं नव्हतं.

पावसानं उघडीप दिली तेव्हा ओट्यावर एक परात आणि एक तांब्या ठेवला. दोन्हींत एकेक फुलपात्र पाणी. आधी अंदाज लिहायचा, कारणासकट. बहुतेकांनी लिहिलं, दोन्हींतलं सारखंच उडेल, कारण पाणी सारखंच आहे. चाचणीत बाष्पीभवनाची व्याख्या कोरी सोडणारा एक पोरगा म्हणाला, "परातीतलं. आई धुणं पसरून घालती. पिळा तसाच ऱ्हायला तर वाळत नाय, वास मारतो." संध्याकाळी मोजलं. परातीत अर्धं फुलपात्रही उरलं नव्हतं, तांब्यातलं जवळपास तेवढंच. त्याला व्याख्या अजूनही येत नाही. मी नोंद केली: कारण देऊन अंदाज बांधतो.

परिसर अभ्यासाचा भाग 2 म्हणजे इतिहास. त्यात पाषाणयुग, आजीला काय विचारणार? म्हणून पाणी हाच विषय धरला आणि पोरांना पारावर नेलं. म्हाताऱ्या माणसांना 1972 चा दुष्काळ तारखेनिशी आठवतो. खडी फोडायचं काम, वाटपाची सुकडी, भाकरी थापताना तुटणारी तांबडी मिलो ज्वारी. पोरांनी 'तेव्हा' आणि 'आता' असे रकाने पाडले. पाणी कुठून, कशात, किती लांबून, कोण आणतं. आडाच्या जागी टँकर आला, घागरीच्या जागी प्लॅस्टिकचा हंडा. 'कोण आणतं'पाशी एक मुलगी थांबली. "गुरुजी, इथं बदल काय लिहू? तेव्हा आजी, आता आई आन् मी." मी म्हटलं, हेच लिही. त्या तासाला पुस्तकातलं एकही पान झालं नाही आणि पुढचे दोन आठवडे अभ्यासक्रम मागं पडल्याची धाकधूक होती, तीही सांगून टाकतो.

दिवाळी झाली आणि पट निम्म्यावर आला. मुकादमाची उचल, म्हणजे आगाऊ मजुरी, घेतलेली घरं कोयत्यावर, ऊसतोडीला गेली. काही लेकरं हंगामी वसतिगृहात राहिली, काही आजी-आजोबांकडं, बाकीची टोळीबरोबर. मला स्थलांतरावर मत मांडायला लावायचं होतं, आणि ज्यांना मत होतं ती उसाच्या फडात. उरलेल्यांपुढं मी स्थलांतराची कारणं फळ्यावर लिहीत होतो. लाज वाटली.

मार्च संपता संपता टोळ्या परतल्या. पारावरची ती मुलगीही आली. दुसरं सत्र तिचं बुडालेलं, आणि सत्राअखेरची संकलित चाचणी तोंडावर. पुस्तक उघडायला सांगायच्या ऐवजी मी कोरा कागद दिला. "जिथं राहिलात तिथला नकाशा काढ." तिनं कोप्यांची, म्हणजे तोडकऱ्यांच्या झोपड्यांची, रांग काढली, फड, बैलगाड्यांचा रस्ता, कारखान्याची चिमणी. वर बाण करून उत्तर दिशा. एका कोपऱ्यात नळ, आणि कोपीपासून नळापर्यंत तुटक रेघ. रेघेवर दोन आकडे लिहिलेले: 800 आणि 1000.

वर्णनात्मक नोंदीसोबत तो कागद फाईलला लावला. केंद्रप्रमुख भेटीला आले तेव्हा त्यांनी फाईल चाळली आणि नकाशापाशी थांबले.

"अंतर एकच, मग आकडे दोन कसे?"

मलाही तोवर ते चुकलंय असंच वाटत होतं. तिला बोलावलं.

"जाताना आठशे पावलं," ती म्हणाली. "येताना हंडा भरलेला असतो ना सर. पावलं बारीक पडत्यात."