सावळ्या अंगावरचं पुरळ

इथे इंग्लंडमध्ये सरकारी आरोग्यसेवेच्या मदतीच्या फोनवर प्रश्नांची यादी ठरलेली असते, हे मला मान्य आहे. पण रात्री लेक पोट आणि मांड्या ओरबाडत रडत असताना "त्वचा लाल झाली आहे का?" हाच प्रश्न फिरून फिरून आला, तेव्हा माझा संयम सुटायला लागला. लाल नव्हतीच ती. माझी लेक माझ्या आईच्या रंगावर गेली आहे. तिच्या पोटावरची कातडी आजूबाजूपेक्षा गडद, जरा जांभळट-राखाडी झाली होती आणि हाताला रव्यासारखी लागत होती. हे सगळं मी सांगितलं. पलीकडून पुन्हा, "पण लाल नाही ना?" नाही म्हटल्यावर प्रकरण सौम्य ठरलं आणि सकाळपर्यंत वाट बघायला सांगितलं गेलं. ती रात्र आम्ही दोघांनी आळीपाळीने तिचे हात धरून काढली.

कारण आंघोळीचा फेस. वाढदिवसाला कुणीतरी बबल बाथची बाटली दिली होती आणि इथल्या मुलांसारखी तीही टबात फेसाचे डोंगर करत बसली होती. त्याच दिवशी काही झालं नाही. स्पर्शाने होणारी अॅलर्जी बहुतेक वेळा एक ते तीन दिवसांनी वर येते, त्यामुळे घरच्यांचा संशय भलतीकडे जातो. पाळणाघराने खाण्याबद्दल विचारलं, सासूबाईंनी स्ट्रॉबेरीला दोष दिला.

व्हिडिओ कॉलवर आई मात्र म्हणाली, "फोटोत मला काय दिसणार? हात फिरवून सांग. खरखरीत आहे का, गरम आहे का, गांधी उठल्यात का?" सांगलीत घरी बसून तिने विचारलेले हे तीन प्रश्न आदल्या रात्रीच्या सगळ्या प्रश्नावलीपेक्षा उपयोगाचे होते. ती माझी आई आहे म्हणून हे लिहीत नाही मी. सावळ्या कातडीवरचा दाह रंगापेक्षा स्पर्शाने आधी कळतो, हे आपल्याकडे न्हाऊ-माखू घालणाऱ्या प्रत्येक बाईला ठाऊक असतं.

याचा राग मला अजून आहे. इथल्या डॉक्टरांचं शिक्षण वर्षानुवर्षं गोऱ्या कातडीच्या छायाचित्रांवर झालं. २०२० साली लंडनच्या सेंट जॉर्जेस विद्यापीठातल्या मलोन मुकवेंडे या वैद्यकीय विद्यार्थ्याला आपल्या शिक्षकांबरोबर 'माइंड द गॅप' नावाची पुस्तिका काढावी लागली, ती काळ्या-सावळ्या कातडीवर रोगाची लक्षणं कशी दिसतात हे दाखवायला. सरकारी आरोग्यसेवेच्या संकेतस्थळावरही आता लिहिलेलं आहे की गडद त्वचेवर एक्झिमा, म्हणजे खाजरा, कोरडा त्वचादाह, तपकिरी, जांभळा किंवा करडा दिसू शकतो. म्हणजे ज्ञान आहे, कागदावर आहे. ते रात्री फोन उचलणाऱ्या माणसाच्या यादीपर्यंत पोचलेलं नाही. आम्ही इथे कर भरतो, लेक इथेच जन्मली. तिच्या रंगासाठी वेगळी सवलत मागत नाही मी. प्रश्न नीट विचारा एवढंच म्हणते.

आणि त्याच देशात दुसऱ्या दिवशी सकाळी आमच्या रेडिंगमधल्या कोपऱ्यावरच्या केमिस्टकडे गेले, तर तिथल्या फार्मसिस्ट बाईंनी आधी लेकीला विचारलं, "मी हात लावू का?" मग तळहाताची मागची बाजू तिच्या पोटावरून हलकेच फिरवली, ओठ, डोळे, जीभ बघितली, श्वास ऐकला. ओठ किंवा जीभ सुजली, श्वास लागला, मूल गळून गेलं तर पुरळाकडे बघत बसायचं नाही, सरळ ९९९ ला, म्हणजे इथल्या आणीबाणीच्या क्रमांकाला, फोन करायचा. आणि सावळ्या मुलाचा रंग उतरलाय का, हे चेहऱ्यापेक्षा ओठांवर, जिभेवर, तळहातांवर बघायचं. हे त्यांनी न विचारता सांगितलं. रांगेत आमच्यामागे माणसं उभी होती, पण बाईंनी घाई केली नाही. मला तिथे उभ्या उभ्या रडू आलं.

हायड्रोकॉर्टिसोन हे सौम्य स्टिरॉइड मलम मात्र त्यांनी दिलं नाही. दहा वर्षांखालच्या मुलाला डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय ते विकता येत नाही. त्या क्षणी नियमाचा वैताग आला, पण आपल्याकडे स्टिरॉइड, अँटिबायोटिक आणि बुरशीचं औषध एकत्र घातलेली मलमं पानपट्टीवर सुपारी मिळावी तशी मिळत आली आहेत, आणि त्यांनी पातळ झालेल्या कातडीची चेहऱ्यावरची उदाहरणं माझ्या माहेरच्या गल्लीत आहेत. त्यामुळे या एका बाबतीत इथला नियम मला हवा आहे. त्याच दिवशी डॉक्टरांनी एक टक्क्याचं मलम थोड्या दिवसांसाठी लिहून दिलं. सोळा वर्षांखालच्या मुलांची औषधं इंग्लंडमध्ये फुकट मिळतात. हा दाह अॅलर्जीचा की फेसातल्या साबणद्रव्याच्या जळजळीचा, हे पॅच टेस्टशिवाय, म्हणजे संशयित द्रव्यं पाठीवर चिकटवून बघितल्याशिवाय, ठरत नाही, पण दोन्हीत पहिलं काम एकच, म्हणाले: ज्याने हे झालं ते लावणं बंद करा.

सगळं बंद. शॅम्पू, साबण, ओले पुसणे (वेट वाइप्स), फेस, सुगंधी तेल. कोमट पाणी, पाच-दहा मिनिटं, साबणाच्या जागी साधं बिनवासाचं, त्वचा मऊ ठेवणारं मलम (ते स्टिरॉइडचं नव्हे). पंच्याने घासायचं नाही, टिपायचं, आणि अंग ओलसर असतानाच मलम थापायचं, लव वाढते त्या दिशेने. उलट चोळलं तर केसांच्या मुळाशी फोड येऊ शकतात. डब्यात बोटं घालायची नाहीत, स्वच्छ चमच्याने काढायचं. किती? एक्झिमाच्या मुलाला हे साधं मलम आठवड्याला २५० ते ५०० ग्रॅम. मी आकडा पुन्हा विचारला. आपण मलम नखाएवढं लावून ट्यूब वर्षभर पुरवणारी माणसं आहोत.

टबात ओतायची 'औषधी' तेलं घेऊ नका, हेही बाईंनी सांगितलं. घरी येऊन वाचलं: २०१८ साली इंग्लंड-वेल्समधल्या सुमारे ४८० मुलांवर झालेल्या चाचणीत, अंगाला मलम लावणाऱ्या मुलांना त्या तेलांचा वेगळा फायदा दिसला नाही. आणि 'अॅक्वियस क्रीम' नावाचं जे मलम ब्रिटिश घराघरात होतं, त्यातल्या सोडियम लॉरिल सल्फेट या साबणद्रव्याने एक्झिमाच्या मुलांची त्वचा चुरचुरू शकते, असा इशारा इथल्या औषध नियामकाने २०१३ मध्ये दिला. तेव्हा आमच्या वेखंड-धुरीवर भुवया उंचावणाऱ्यांनी आपल्या कपाटाकडेही बघावं.

पण आईशी माझा वादही इथेच झाला. तिचं म्हणणं, दुधाची साय आणि डाळीचं पीठ लाव, आम्ही तुम्हाला तसंच वाढवलं. मी ठाम नाही म्हटलं. फाटलेल्या कातडीतून अन्नातलं प्रथिन शरीरात गेलं की त्या अन्नाचीच अॅलर्जी होऊ शकते. जपानमध्ये गव्हाचं प्रथिन घातलेल्या साबणाने तोंड धुणाऱ्या दोन हजारांहून जास्त लोकांना गव्हाची अॅलर्जी जडली. मला माझ्या लेकीची पिठलं-भाकरी घालवायची नाही. आईला राग आला. दोन दिवस ती माझ्याशी कमी आणि नातीशी जास्त बोलली. तरी मी माझ्या म्हणण्यावर ठाम आहे, आणि यात परदेशाची हवा लागलेली नाही. तिचा हात मी मानते, तिचं पीठ मानत नाही. उटण्यातला कचोरा, वाळा, गुलाबही या दिवाळीला लेकीसाठी नाही. नैसर्गिक वास असला तरी तो वासच.

बाटलीवरच्या 'सौम्य', 'त्वचातज्ज्ञांनी तपासलेलं' या शब्दांवर जाऊ नका. मागची यादी वाचा. 'परफ्युम' दिसलं की ठेवून द्या. लिनालूल, लिमोनीन अशी काही सुगंधी द्रव्यं ठरावीक प्रमाणापुढे असली तर युरोपात २००५ पासून नावानिशी छापावी लागतात. मिथिलआयसोथायाझोलिनोन हे जंतुरोधक युरोपात २०१७ पासून अंगावर तसंच राहणाऱ्या वस्तूंत, म्हणजे ओल्या पुसण्यांतही, बंद आहे. धुऊन टाकायच्या शॅम्पूत थोडं चालतं. भारतातून आणलेल्या बाटल्यांवरही ही नावं शोधा.

आणखी एक. त्वचा मऊ ठेवणाऱ्या या मलमांनी भिजलेले कपडे आणि पांघरुणं आग लागली तर भराभर पेटतात. पॅराफिन नसलेल्या मलमांनीही. आमच्या देवघराची समई आता उंचावर गेली आहे, आणि लेकीला निरांजन ओवाळणं तूर्त बंद आहे.

परदेशात अशी वेळ आलीच तर फोनवर रंगाची वाट पाहू नका. पहिल्याच वाक्यात सांगा: माझ्या मुलाची त्वचा सावळी आहे, लाल दिसणार नाही, पुरळ नेहमीच्या रंगापेक्षा गडद आहे, हाताला खरखरीत आणि गरम लागतंय, अंगाच्या अमुक भागावर आहे, खाजेने झोप नाही. श्वास आणि ओठ ठीक आहेत की नाहीत, तेही सांगा. मग त्यांनी काहीही विचारलं तरी हीच वाक्यं पुन्हा सांगा, आणि ती नोंदवून घ्या म्हणून सांगा.