पासवर्ड नव्हे, घड्याळ बघा

तुम्ही विचारलंत म्हणून सांगतो. ‘एकाच ऑफिसात लिनक्स आणि विंडोज या दोन ऑपरेटिंग सिस्टीम नांदवता कसे? एकच काहीतरी का करून टाकत नाही?’ लग्नाच्या पंगतीतही मला हे विचारून झालंय.

एकच करत नाही, कारण अकाउंट्सच्या बाईंची टॅली विंडोजवर चालते आणि प्रोग्रॅमिंगच्या पोरांना लिनक्सच हवं. दोघांचंही बरोबर आहे.

फाइलींची देवाणघेवाण हा प्रश्न तर कधीच सुटलाय. अँड्र्यू ट्रिजेल यांनी कॅनबेरात शिकत असताना, १९९२च्या सुमारास, ज्याची सुरुवात केली ते सांबा, म्हणजे लिनक्स आणि विंडोजला एकमेकांच्या फाइली उघडू देणारं सॉफ्टवेअर. विंडोजच्या फाइल-देवाणघेवाणीच्या पद्धतीला एसएमबी म्हणतात; एस, एम, बी ही अक्षरं याच क्रमाने येणारा शब्द शोधताना हे नाव सापडलं म्हणे. २०१२ साली आलेल्या चौथ्या आवृत्तीपासून सांबा स्वतःच डोमेन कंट्रोलर, म्हणजे ऑफिसातल्या सगळ्यांचे युजरनेम-पासवर्ड सांभाळणारा, होऊ शकतो. आमच्या लिनक्स सर्व्हरवर तोच आहे. मशीन कुठलंही असो, युजरनेम-पासवर्ड एकच.

मग अडतं कुठे? घड्याळात. एका पोराच्या लॅपटॉपवर दोन्ही सिस्टीम होत्या. एका सकाळी लिनक्समधून त्याला सर्व्हरवरचं सामायिक फोल्डर उघडेना. मी दोनदा पासवर्ड बदलून दिला, सर्व्हरला शिव्या घातल्या, तासभर लॉग चाळले. मग कोपऱ्यातल्या घड्याळाकडे लक्ष गेलं. सकाळचे दहा वाजले होते आणि तिथे साडेतीन! विंडोज ही सिस्टीम मशीनच्या आतल्या घड्याळात स्थानिक वेळ लिहून ठेवते. लिनक्स तीच वेळ यूटीसी, म्हणजे जागतिक प्रमाणवेळ, समजून वर आपले साडेपाच तास चढवतं. आणि सर्व्हरवर लॉगिन करणाऱ्याची ओळख पटवणाऱ्या कर्बेरॉस या यंत्रणेला दोन्हीकडच्या घड्याळांत पाच मिनिटांपलीकडे फरक खपत नाही. एरवी लिनक्स इंटरनेटवरून वेळ सुधारून घेतं, पण फायरवॉलमध्ये ती वाट मीच बंद केली होती. सर्व्हरला उगाच शिव्या बसल्या. मग विंडोजच्या रजिस्ट्रीत, म्हणजे त्याच्या सेटिंग्जच्या वहीत, एक नोंद घालून त्यालाही यूटीसी पाळायला लावलं आणि सगळी मशीनं सर्व्हरच्या वेळेला बांधली.

जुना स्कॅनर हे दुसरं दुखणं. त्याला फक्त एसएमबीची पहिली आवृत्ती येते, आणि ती सांबाने २०१९पासून आपणहून बंद ठेवलीय. चालू करता येते, पण २०१७चा वॉनाक्राय हा फाइली कुलूपबंद करून खंडणी मागणारा व्हायरस त्याच जुन्या दारातून विंडोज मशीनांत शिरला होता. मी नाही केली. स्कॅन आता ईमेलने येतात, कुरकुर होते, होऊ दे.

आणि नावं. पोरांनी सर्व्हरवर ‘कोटेशन: मार्च’ अशी फाइल ठेवली. लिनक्सला कोलन चालतो, विंडोजला नाही. सांबाने मग बाईंना भलतंच तोडकंमोडकं नाव दाखवलं. बाईंना वाटलं व्हायरस. त्यांनी सरळ नेटवर्कची केबल उपटली. पोरं आता कोलनऐवजी आडवी रेघ मारतात. बाई मात्र अजून काही विचित्र दिसलं की आधी केबलकडे हात नेतात.