विलापगीतातली उलटी अक्षरं

आमच्याकडे विलापगीताचं, म्हणजे बायबलमधल्या जेरुसलेमच्या नाशावरच्या शोककाव्याचं, मराठी भाषांतर चालू आहे, पुण्यात, आणि हिब्रूशी एकेक वचन ताडून बघायचं काम माझ्याकडे. गेल्या पावसाळ्यातला एक दिवस अजून मनातून जात नाही म्हणून लिहितेय.

यातले पहिले चार अध्याय वर्णमालेवर रचलेत. हिब्रूत अक्षरं 22, म्हणून वचनंही 22, प्रत्येक वचन पुढच्या अक्षराने सुरू होतं, तिसऱ्यात तर एका अक्षराला तीन-तीन, म्हणजे 66. टीममधल्या नव्या मुलाने त्याची एक्सेल शीट केली होती. दुसऱ्या अध्यायात 16 पुढे 'पे' आणि 17 पुढे 'आयिन', आणि वर्णमालेत तर आयिन आधी येतो, मी सरळ लाल केलं आणि त्याला चार शब्द सुनावलेही. तो शांतपणे म्हणाला, ताई, एकदा छापील पान बघता का.

बघितलं. त्याचंच बरोबर होतं. तिसऱ्यात तसंच, चौथ्यात तसंच, फक्त पहिल्या अध्यायात नेहमीचा क्रम.

मग दुपारचं जेवण राहिलं आणि आम्ही दोघं शोधत बसलो. सिनाईच्या वाळवंटात कुंतिल्लेत अज्रूद म्हणून जागा आहे, तिथे इ.स.पू. 800 च्या आसपासच्या मडक्यांवर कोणीतरी वर्णमाला गिरवलीय, तिच्यातही पे आधी! म्हणजे हा क्रम खरोखर वापरात होता, कवीच्या हातून चूक झालेली नाही. तालमूदमध्ये, म्हणजे ज्यूंच्या जुन्या धर्मचर्चेच्या ग्रंथात, वेगळंच कारण दिलंय: मोशेने कनान देश बघायला पाठवलेल्या हेरांनी डोळ्यांनी न पाहिलेलं तोंडाने सांगितलं, म्हणून तोंड आधी आलं. कारण पे म्हणजे तोंड, आयिन म्हणजे डोळा.

हे कळल्यावर तिसरा अध्याय परत काढला आणि अंगावर काटा आला. 46 व्या वचनात, पे च्या जागी, शत्रू आमच्यावर तोंड वासतात. 49 ला, आयिनच्या जागी, पहिलाच शब्द 'एनी', माझा डोळा, आणि तो वाहतोय, थांबत नाही. मी याच ओळी कितीतरी वेळा वाचल्या होत्या पण अक्षराचं नाव आणि शब्द असे एकमेकांना बिलगलेत हे दिसलंच नव्हतं.

हेच विलापगीत ज्यू लोक तिशा बआवला, म्हणजे जेरुसलेमचं मंदिर पडल्याच्या शोकाच्या उपासाला, जमिनीवर बसून वाचतात. आपल्या कोकणातले मराठी बोलणारे ज्यू, बेने इस्राएल, त्या दिवसाला बिरड्याचा सण म्हणायचे.

संध्याकाळी त्या मुलाची माफी मागितली, शीटवरचा लाल रंग काढला आणि त्याला 49 वं वचन हिब्रूतून मोठ्याने वाचायला सांगितलं. त्यानंतर मराठी ओळ आम्ही 'डोळा' शब्दानेच सुरू केली.