पुराची रेघ आणि होम स्टडी

सांगलीत पावसाळ्यात कुणीही भेटलं की पहिला प्रश्न असतो, "आयर्विनवर पाणी किती?" आयर्विन म्हणजे कृष्णेवरचा जुना पूल. तिथल्या पट्टीवर ४० फूट झालं की इशारा, ४५ झालं की धोका. २०१९च्या ऑगस्टात पाणी ५७ फुटांच्या वर गेलं आणि गावभागातलं आमचं घर छातीभर पाण्यात उभं होतं. २०२१च्या जुलैत पुन्हा आलं, तेव्हा गुडघ्याच्या वर. त्याच वर्षी ऑगस्टात आम्ही दत्तकासाठी नाव नोंदवलं. उत्पन्नाचे दाखले, डॉक्टरांचं प्रमाणपत्र, यातल्या कशाचीच मला भीती वाटली नाही. भीती वाटली ती घराची. समाजसेविका घर बघायला येणार होत्या.

नोंदणी 'कारा'च्या, म्हणजे दत्तक प्रक्रिया बघणाऱ्या केंद्र सरकारच्या प्राधिकरणाच्या, केअरिंग्ज पोर्टलवर होते, ती घरी बसून करता येते. आधार, पॅन, जन्मदाखले, विवाहनोंदणी, उत्पन्नाचा पुरावा, आपल्याला ओळखणाऱ्या दोघांची पत्रं, असं सगळं चढवायचं. मग आपण निवडलेल्या दत्तक संस्थेकडून घरभेट होते आणि अहवाल लिहिला जातो. तिकडे सगळे त्याला 'होम स्टडी'च म्हणतात. त्याचे ६ हजार रुपये भरले. हा अहवाल झाल्याशिवाय आपण खऱ्या अर्थाने रांगेत लागत नाही, म्हणून त्या एका दिवसाचं दडपण फार येतं. फोन आला तेव्हा मी शाळेत होते. पुढच्या महिन्यातली तारीख मिळाली. घरी येऊन मी पहिलं काय केलं असेल, तर भिंतींकडे पाहिलं.

तयारी कशी करायची हे कळेना, कारण घरात लहान मूल कधी नव्हतंच. आपल्याला सवयीचं असलेलं घर आपल्याला दिसत नाही. मग गणपतीला नणंद तिच्या दीड वर्षाच्या मुलीला घेऊन राहायला आली. मी वही घेतली आणि दोन दिवस फक्त त्या पोरीच्या मागे फिरले. ती जिथे गेली ते लिहीत गेले.

पहिली गेली देवघरात. आमचं देवघर जमिनीलगत. पेटती समई, शेजारी काडेपेटी, तेलाची बाटली, सगळं तिच्या हाताला येईल असं. तिथून स्वयंपाकघरात, सासूबाईंची विळी भिंतीला टेकवून उभी असायची तिकडे. मग मोरीत, फिनेलच्या बाटलीकडे. मग सासूबाईंच्या पलंगाखालच्या डब्याकडे, ज्यात त्यांच्या साखरेच्या आणि रक्तदाबाच्या गोळ्या. ओट्याखाली उंदरांचं औषध आहे हे मी स्वतः विसरले होते, तिने ते दहा मिनिटांत शोधलं. परसात बंब, आणि बंबाच्या पलीकडे आड. आडाला कठडा आहे, पण तो तिच्या खांद्याइतकाच. ती कठड्यावर दोन्ही हात ठेवून टाचा वर करून आत बघायला लागली, तेव्हा मी वही टाकून धावले. त्या रात्री मला झोप लागली नाही.

मूल घरी आणू पाहणाऱ्या कुणालाही मी हेच सांगते: चार दिवस एखादं लहान मूल घरी राहायला बोलवा. छापील यादीत आमची विळी आणि आमची समई कधीच सापडली नसती.

आडावर लोखंडी जाळीचं झाकण करून घेतलं, कडी आणि कुलूप लावून. किल्ली माझ्या उंचीच्या खिळ्यावर. समई चौरंगावर गेली. सासूबाईंना ते आवडलं नाही, पण त्यांनी स्वतःच जागा बदलून दिली. विळी वरच्या फळीवर. औषधं कपाटात, कुलपात. बंब बंद करून गीझर बसवला, वायरिंग नवऱ्याने नवीन करून घेतलं, कारण दोन पुरांनंतर खालच्या बोर्डांवर माझा भरवसा नव्हता. माडीच्या जिन्याला खाली-वर छोटी फाटकं लावली. या सगळ्याला जेमतेम महिना लागला आणि तो आनंदात गेला. प्रत्येक खिळा ठोकताना वाटायचं, कुणीतरी यायचंय.

आणि मग मी ती चूक केली.

बैठकीच्या खोलीत भिंतीवर गाळाच्या दोन रेघा होत्या. वरची २०१९ची, खालची २०२१ची. पाणी ओसरल्यावर घासून घासूनही त्या पूर्ण जात नाहीत. मला वाटलं, बाई आत येतील, त्यांची पहिली नजर त्या रेघांवर जाईल आणि त्या म्हणतील, बुडणाऱ्या घरात बाळ कसं द्यायचं? भेटीला आठवडा असताना मी रंगारी बोलावला. तो म्हणाला, "वहिनी, भिंत अजून ओली आहे, रंग धरणार नाही." तरी मी लावायला लावला. फिकट पिवळा.

त्या आल्या तेव्हा साडेदहा वाजले होते. माझ्याच वयाच्या असतील. दोन-अडीच तास होत्या. आधी आम्हा दोघांशी एकत्र बोलल्या, मग वेगवेगळं. लग्न कसं जमलं, भांडण झालं की आधी कोण बोलतं, लहानपणी आपल्याला मार बसायचा का, उपचार किती वर्षं घेतले आणि ते थांबवायचं कुणी ठरवलं. या शेवटच्या प्रश्नाला मला रडू आलं. त्यांनी घाई केली नाही, वहीसुद्धा बंद केली. मूल दत्तक आहे हे त्याला कधी सांगणार, असंही विचारलं. आम्ही म्हणालो, कळायला लागायच्या आधीपासूनच, गोष्टीसारखं. त्यावर त्यांनी "शेजारपाजारचं कुणी आधी बोललं तर?" एवढंच विचारलं, आणि आमच्याकडे त्याचं उत्तर तयार नव्हतं. बाळाच्या जन्मदात्यांच्या आजारपणाची काहीच माहिती मिळणार नाही, हे मनाला पटलंय का, हेही विचारलं.

सासूबाईंशी त्या माडीवर एकट्याच बोलल्या. त्या दोघी काय बोलल्या ते मला आजही माहीत नाही. सासूबाईंचा विरोध नव्हता, पण "तुमचं तुम्ही ठरवा" यापुढे त्या कधी गेल्या नव्हत्या.

मग घर. मी झाकण, फाटकं, कपाटं सगळं दाखवलं. त्यांनी आडाचं कुलूप हलवून पाहिलं, फोटो घेतले. बाळ कुठे झोपेल, मी शाळेत असताना कोण सांभाळेल, जवळचा बालरोगतज्ज्ञ कोण, हे विचारलं. घर लहान की मोठं, फरशी कसली, याबद्दल एक शब्द नाही. बैठकीत परत आल्या आणि नव्या पिवळ्या भिंतीवर हात ठेवून म्हणाल्या, "ताई, रेघ कुठपर्यंत होती?"

ओल रंगातून वर आली होती, पोपडे सुटायला लागले होते. आणि त्या सांगलीच्याच होत्या. त्यांना विचारायची गरजच नव्हती.

मी त्यांच्या हाताच्या वर बोट ठेवलं. लपवायचं होतं म्हणून रंग दिला, असंही सांगून टाकलं. त्या शांतपणे म्हणाल्या, "पूर येतो म्हणून मी 'नाही' असं लिहिणार नाही. पूर आला की तुम्ही बाळाला घेऊन कधी निघणार आणि कुठे जाणार, ते मला लिहायचंय." २०१९ला आम्ही उशिरापर्यंत थांबलो होतो आणि शेवटी बोटीतून बाहेर पडलो होतो. नेमकं हेच त्यांना शेजारच्या काकूंनी येतायेताच सांगितलं होतं. आम्ही तिथेच बसून ठरवलं: इशाऱ्याच्या पातळीआधीच, ३५ फुटांना निघायचं, विश्रामबागला माझ्या बहिणीकडे. दुधाची पावडर, औषधं आणि कागद यांची पिशवी जूनपासून भरलेली. त्यांनी ते आमच्याच शब्दांत लिहून घेतलं. बहिणीला तिथूनच फोन लावून विचारायला सांगितलं.

अहवाल पोर्टलवर चढला. मंजूर. आमचा क्रमांक दिसायला लागला आणि वाट बघणं सुरू झालं.

हा अहवाल तीन वर्षंच चालतो, हे तेव्हा वाचूनही डोक्यात शिरलं नव्हतं. तीन वर्षांत आपली पाळी येणार नाही असं कुणाला वाटतं? २०२४च्या ऑक्टोबरात पुन्हा घरभेट झाली. या वेळी समाजसेविका दुसऱ्या होत्या. मधल्या काळात सासूबाईंचा गुडघा गेला होता, माझी बदली झाली होती, ते सगळं सांगायचं होतं. नोकरी, आजारपण, कर्ज, घरात कुणाची भर किंवा कमी, जे बदललं असेल ते आपणहून आधी सांगावं. मी एका कागदावर लिहूनच ठेवलं होतं. रंगाऱ्याला बोलावलं नाही. उलट दाराच्या चौकटीवर दोन्ही पुरांच्या खुणा पेन्सिलने करून, बाजूला वर्ष घातलं होतं.

त्यांनी खुणा पाहिल्या आणि तोच प्रश्न विचारला. मी तोंड उघडायच्या आत पलंगावरून सासूबाई म्हणाल्या, "पस्तिसाला निघायचं. बाळ आणि मी पहिल्या रिक्षात. मला चालता येत नाही, पण मांडीवर धरता येतं. हे दोघं सामान घेऊन मागून येतील." आणि उशीखालून चिठ्ठी काढून दिली. तीवर बहिणीचा पत्ता आणि फोन नंबर होता, त्यांच्या मोठ्या, थरथरत्या अक्षरात.