ओट्यावरचा लाल बल्ब

माहेरी आमच्या ओट्यावर एक लाल बल्ब होता, मीटरच्या पेटीवर लावलेला, आणि त्याचं काम एकच, थ्री फेज, म्हणजे मळ्यातली मोटार चालवणारी लाईन, आली की पेटायचं. घरात सिंगल फेज असायची तेव्हा पंखा चालायचा, टीव्ही चालायचा, पण तो लाल बल्ब काही पेटायचा नाही. मग रात्री पावणेदोनला कधीतरी ओटा लाल व्हायचा आणि आई सगळ्यात आधी उठायची, तिला झोपेत पण कसं कळायचं काय माहीत, "अहो उठा, लाईन आली" म्हणायची आणि आण्णा बॅटरी आणि काठी घेऊन मळ्यात निघायचे. यावल तालुका, सातपुड्याचा पायथा, सगळीकडे केळी. दिवसा सुद्धा केळीच्या बागेत चार हातांवरचं दिसत नाही, रात्रीचं तर विचारूच नका, साप, रानडुकरं, आणि आता तर बिबट्या. आण्णा परत येईपर्यंत आई ओट्यावर बसून राहायची. मी पाचवी-सहावीत असेन, मला वाटायचं सगळ्यांच्या घरी असंच असतं.

हे आज लिहायचं कारण म्हणजे मी जळगावला शाळेत शिकवते आणि १४ डिसेंबरला राष्ट्रीय ऊर्जा संवर्धन दिन असतो म्हणून दरवर्षी मुलांकडून निबंध लिहून घेते. मुलं छान लिहितात. खोलीतून बाहेर जाताना दिवा बंद करा, एलईडी वापरा, एसी २४ वर ठेवा. सगळं बरोबर आहे आणि मी पूर्ण मार्क देते. साधा पंखा ७५ वॅट खातो आणि बीएलडीसी, म्हणजे कमी वीज खाणाऱ्या मोटारीचा पंखा तीसेक वॅटमध्ये तेवढीच हवा देतो, हे मी स्वतः घरी बदलून बघितलंय. पण यंदा वह्या तपासताना माझ्या मनात आलं की अर्धी मुलं शेतकऱ्यांची आहेत आणि एकाही वहीत मोटार नाही. ९ वॅटचा बल्ब चारशे तास जाळला तर जेवढी वीज लागते तेवढी ५ एचपीची मोटार एका तासात ओढते. आपल्या खानदेशात बरीचशी वीज पाणी उचलण्यात जाते, आणि बचतीचं बोलायचं तर सुरुवात विहिरीपासून करायला पाहिजे, हे मला आता अगदी पक्कं वाटायला लागलंय.

थोडा हिशोब करते, कंटाळू नका. आजोबांच्या वेळची आमची विहीर ७० फुटांची, त्यात चाळीसेक फुटांवर पाणी असायचं. आज दादाच्या बोअरमध्ये पंप ४०० फुटांवर सोडलाय. उन्हाळ्यात केळीच्या एका झाडाला दिवसाला १५-२० लिटर पाणी लागतं, ६ बाय ५ वर लावली तर एकरात साधारण साडेचौदाशे झाडं बसतात, म्हणजे दिवसाला २९ हजार लिटर धरा. तेवढं पाणी १०० फुटांवरून उचलायला, पंपात आणि पाईपात निम्मी ताकद वाया जाते असं धरलं तरी, पाचेक युनिट पुरतात. तेच ४०० फुटांवरून उचलायचं तर १९-२० युनिट. पीक तेच, झाड तेच, केळीचा घडही तेवढाच, फक्त पाणी खाली गेलं म्हणून वीज चौपट. आणि हे ड्रीपवर. पाटाने सोडत असाल तर याच्या किती पुढे जाईल ते तुम्हीच बघा.

आता लाईनवरची ती १९ युनिट येतात कुठून. भुसावळकडे गेलात की दीपनगरच्या औष्णिक वीज केंद्राची चिमणी लांबूनच दिसते, ५०० मेगावॅटचे दोन संच आणि आता शेजारी ६६० चा नवा. एका युनिटला साधारण ६००-७०० ग्रॅम कोळसा जाळावा लागतो म्हणजे दादाच्या एका एकराला, एका दिवसाला, बारा-तेरा किलो. आपल्या देशातल्या कोळशात राखच तीस-चाळीस टक्के असते, म्हणजे त्यातली चार-पाच किलो राख उरते, ती कुठेतरी ठेवावी लागतेच. आणि केंद्राला पाणी लागतं ते पण आपल्या तापीचंच. म्हणजे तापीच्या पाण्यावर वीज करायची आणि त्या विजेने तापीच्याच खोऱ्यातलं जमिनीखालचं पाणी उपसायचं. मी हा विचार पहिल्यांदा केला तेव्हा मला रात्री झोप लागली नाही, खरं सांगते.

माझं सासर साक्री तालुक्यातलं. तिकडचं चित्र एकदम वेगळं. ब्राह्मणवेलच्या पठारावर पवनचक्क्याच पवनचक्क्या, आणि शिवाजीनगरला महानिर्मितीचा, म्हणजे सरकारी वीजनिर्मिती कंपनीचा, १२५ मेगावॅटचा सौर प्रकल्प, २०१३ मध्ये सुरू झालेला. लग्न होऊन गेले तेव्हा सासूबाई शेजारणीला विचारायच्या "लाईट उनी का वं?" म्हणजे आली का गं, आणि मला हसू यायचं की दारासमोर एवढ्या चक्क्या फिरतायत आणि लाईटचा पत्ता नाही. तेव्हा मला वाटायचं हा अन्याय आहे. नंतर कळलं की ती वीज तिथल्या तिथे गावात येत नाही, ग्रीडमध्ये, म्हणजे सगळीकडच्या विजेच्या जाळ्यात जाते. आणि दुसरं म्हणजे वारा आपल्या सोयीने येत नाही. आपल्याकडे चक्क्या जोरात फिरतात त्या जून ते सप्टेंबर, पावसाळ्याच्या वाऱ्यावर, वाऱ्याचा वेग दुप्पट झाला तर वीज आठपट होते, निम्मा झाला की तशीच धाडकन उतरते. आणि मोटारी चालतात कधी, तर रब्बीत आणि उन्हाळ्यात, चक्क्या गपगार असतात तेव्हा. म्हणून एकाच गोष्टीवर भागत नाही, कोळसा लागतो, पाणी लागतं. पण पाण्याच्या विजेचीही किंमत मोजावी लागते, आपल्याच नंदुरबार जिल्ह्यातली अक्कलकुवा, धडगावकडची ३३ गावं सरदार सरोवराच्या बुडितात गेली. महाराष्ट्राच्या वाट्याला त्या प्रकल्पातली २७ टक्के वीज आहे. वह्यांमध्ये मुलं लिहितात "जलविद्युत स्वच्छ असते", तिथे मी बाजूला लाल पेनने त्या गावांबद्दल दोन ओळी लिहिते.

ऊन मात्र आपल्याकडे भरपूर आहे. आई मे महिन्यात गच्चीवर बिबडे घालते, म्हणजे ज्वारीचे पापड, पहाटे चीक शिजवून सात वाजेपर्यंत सगळे कापडावर टाकून होतात, आणि दुपारी एकला वर गेलं की चटके बसतात पायाला पण बिबडे कडकडीत वाळलेले असतात. सौर ऊर्जा म्हणजे माझ्यासाठी पहिल्यांदा तेच. पण एक गैरसमज सगळ्यांचा असतो, माझा पण होता, की जेवढी उष्णता जास्त तेवढी पॅनलला वीज जास्त. तसं नाही. पॅनलला उजेड हवा असतो, उष्णता नको. २५ अंशांच्या वर प्रत्येक अंशाला साधारण ०.४ टक्के वीज कमी होते, आणि भुसावळच्या ४५ डिग्रीत पॅनल स्वतः ६५ च्या पुढे तापतं, म्हणजे पंधरा-सोळा टक्के तिथेच गेले. वरून धूळ. म्हणून पॅनल सकाळी लवकर, गार असताना पुसा, भर दुपारी तापलेल्या काचेवर पाणी मारू नका.

दादाने दोन वर्षांपूर्वी सोलर पंप घेतला, त्या २०२४ च्या मागेल त्याला सौर कृषी पंप योजनेतून, साडेसात एचपीचा, दहा टक्के आपण भरायचे. त्याच्या आधीची दोन वर्षं फार वाईट गेली होती. डीपीवर, म्हणजे गावच्या ट्रान्सफॉर्मरवर, लोड जास्त, त्यात प्रत्येकाच्या मोटारीला ऑटोस्विच, लाईन आली की गावातल्या सगळ्या मोटारी एकदम उठायच्या आणि डीपी जळायची. एकदा अकरा दिवस डीपी मिळाली नाही, ऐन एप्रिलमध्ये, दीड एकर बाग डोळ्यांसमोर करपली. ऑटोस्विच काढा आणि मोटारीला कपॅसिटर लावा हे वायरमन सांगून थकला, छोटीशी वस्तू, तिने लाईनवरचा लोड खरंच कमी होतो, पण "मी एकट्याने लावून काय होणार" असं प्रत्येकजण म्हणायचा. दादासुद्धा.

सोलर आल्यावर घर बदललं. आण्णा आता पंच्याहत्तरीत, रात्री घरी झोपतात. आई झोपते. त्यासाठी मी त्या पॅनलला हात जोडते.

पण दिवाळीत गेले तर बघते, दुपारचे चार, बाग ओली चिंब, आणि पंप चालूच. म्हटलं दादा बंद कर ना. तो म्हणे "अगं बिल नाही, डिझेल नाही, ऊन काय वाया घालवायचं का?" शेजारच्या शेतातही तेच. मग मी लाईनने चालत गेले, तर एका सरीत उंदराने लॅटरल, म्हणजे ड्रीपची नळी, कुरतडलेली, पाण्याची कारंजी उडत होती आणि खाली तळं साचलेलं, आणि शेवटच्या दोन ओळींतले ड्रीपर कोरडे, फिल्टर चोक झालेला म्हणून. म्हणजे शेवटच्या झाडांना पाणी पोचत नाही म्हणून पंप जास्त वेळ चालवायचा आणि पहिली झाडं बुडवायची. फिल्टर उघडला तर आतून हिरवट गाळ निघाला, बादलीभर. मी आणि वहिनीने ब्रशने घासला, अर्धा तास लागला. दुसऱ्या दिवशी शेवटची ओळ ओली झाली, पंप दीड तास आधी बंद.

त्या रात्री आमचं भांडण झालं, चांगलंच. मी म्हटलं ऊन फुकट आहे, पाणी फुकट नाही, तू फुकट म्हणून उपसशील तर पंप आज ४०० वर आहे तो ५०० वर जाईल आणि हेच पॅनल अपुरं पडेल, मग परत लाईन, परत रात्र, परत आई ओट्यावर. दादा काहीच बोलला नाही. आण्णाच बोलले. म्हणाले आपण बांधावरची शेवरी काढून टाकली तेव्हापासून पाणी जास्त लागतंय, गरम वारा सरळ बागेत घुसतो. हे मला सुचलंच नव्हतं. 

आता दादाने उत्तरेच्या आणि पश्चिमेच्या बांधाला शेवरी परत लावलीय, केळीची वाळकी पानं जाळायची बंद करून सरीत अंथरलीत. फिल्टर दर रविवारी पुतण्या धुतो. आणि आजोबांच्या जुन्या विहिरीत एक दोर सोडलाय, दर पाच फुटांवर गाठ मारलेला, खाली दगड बांधून. दर अमावस्येला मोजायचं आणि गोठ्याच्या दारामागे खडूने लिहायचं असं ठरलंय. आत्तापर्यंत तीन आकडे झालेत, पाणी किती फुटांवर ते, ५८, ५९, ६२. चौथा मी स्वतः मोजणार, या शनिवारी जातेय.