संक्रांतीनंतरचा आनंद बाजार

संक्रांत झाली की पहिल्या शनिवारी आमच्या जिल्हा परिषदेच्या शाळेत आनंद बाजार भरायचा. मैदानात चुन्याच्या रेघा, प्रत्येक रेघेमागे एक पोतं आणि पोत्यावर बोरं, हरभऱ्याच्या जुड्या, तिळाच्या वड्या, भजी. आई-वडील गिऱ्हाईक म्हणून यायचे. एरवी ते यायचे ते प्रगतिपुस्तकावर सही करायला, आणि दाराबाहेरच उभे राहायचे.

चौथीतल्या एका मुलीने भज्यांचा हिशेब माझ्यापुढे धरला होता. सामान 140 रुपये, विक्री 210, नफा 70. मी बरोबरची खूण करणार, तोच तिची आई म्हणाली, "बाई, घरचं तेल धरलंच नाही की. साठ रुपयांचं तरी गेलं." पोरीने सत्तर खोडून दहा लिहिले. "आणि आईची मजुरी?" तिने विचारलं. पुस्तकात नफा-तोटा इतकी वर्षं शिकवत होते, हा प्रश्न मला कुणी विचारला नव्हता.

पुढच्या वर्षापासून आम्ही पालकांनाच एक कोपरा दिला. एका आजोबांनी घरून धान्य मोजायची मापटं, शेर आणि पायली आणली. दोन मापट्यांचा शेर, चार शेरांची पायली, हे पोरांनी ज्वारी ओतून ओतून पाहिलं. 2019 साली दुसरीच्या पुस्तकात एकवीससोबत 'वीस एक' असं वाचन आलं, तेव्हा घराघरांत गोंधळ होता. तोही याच कोपऱ्यात मिटला. एका आजीने दोन्ही तऱ्हांनी मोजून बघितलं आणि म्हणाली, "पोराला कळतंय ना, मग दोन्ही म्हणू दे."

पण मला सगळ्यात जास्त आठवतात ते सातवीतल्या एका मुलाचे बाबा. गवंडीकाम करायचे. "मला गणित येत न्हाई बाई, सहावीत शाळा सुटली," म्हणत मागेच उभे होते. मी पायथागोरसची आकृती फळ्यावर काढलेली पाहून हळूच पुढे आले. खिशातून सुतळी काढली, जमिनीवर खडूने एक रेघ तीन फूट, दुसरी चार फूट मारली आणि दोन्ही टोकांमध्ये सुतळी ताणली. "तिरकं पाच भरलं की कोपरा गुण्यात आला, म्हंजे काटकोनात. घराचा पाया असाच आखतो आम्ही."

सातवीची सगळी पोरं त्यांच्याभोवती उकिडवी बसली. मुलगा त्यांच्या हाताकडेच बघत होता. मी नऊ अधिक सोळा पंचवीस असं बाजूला लिहिलं. ते बराच वेळ त्या आकड्यांकडे बघत राहिले. मग म्हणाले, "सहा, आठ, दहा पण चालतं. मोठी खोली असली की आम्ही तेच घेतो."

सुतळी ते वर्गातच ठेवून गेले. सोमवारी मी यायच्या आत पोरांनी वर्गाचे चारही कोपरे मोजून ठेवले होते. खिडकीकडचा गुण्यात नव्हता.