कमरेत दुखतं की पायात?

मला उभं राहता येत होतं, चालता येत होतं. बसता येत नव्हतं. शिक्षिकेच्या नोकरीत हे खपून जाईल असं वाटतं, पण तास संपला की वह्या असतात, प्रश्नपत्रिका असतात, बैठका असतात. दहा मिनिटं खुर्चीत टेकलं की कमरेच्या मधोमध आतून कोणी अंगठा रोवून धरल्यासारखं व्हायचं. सकाळी तोंड धुताना एक हात बेसिनवर टेकवल्याशिवाय वाकता यायचं नाही. पायात मात्र काहीच नव्हतं. ना कळ, ना मुंग्या. हा तपशील मी तेव्हा कोणाला नीट सांगितलाही नाही.

आठ महिने गोळ्या, शेक, पट्टा, विश्रांती असं सगळं करून झाल्यावर एमआरआय काढला. तेव्हा मी ४२ वर्षांची होते. दोन मणक्यांमधल्या चांगल्या गादीत पाणी असतं, म्हणून ती चित्रात पांढरी दिसते. माझ्या कमरेच्या वरच्या तीन गाद्या पांढऱ्या होत्या, खालच्या दोन काळ्या. चौथ्या आणि पाचव्या मणक्यामधल्या गादीची, म्हणजे एल-४–एल-५ची, उंची कमी झालेली, बाहेरच्या कड्याला चीर, मागच्या बाजूला थोडा फुगवटा. अहवालातला ‘झीज’ हा शब्द मी त्या रात्री कितीदा वाचला असेन. आपला कणा आतून संपत चाललाय असंच वाटलं.

तो अहवाल हातात देताना कोणीतरी मला एक गोष्ट सांगायला हवी होती, ती मला फार उशिरा कळली. २०१५ साली एक मोठा आढावा प्रसिद्ध झाला. ३३ अभ्यासांमधल्या, कंबर अजिबात न दुखणाऱ्या ३११० माणसांची चित्रं त्यात एकत्र पाहिली होती. विशीतल्या ३७ टक्के लोकांच्या गाद्यांची झीज झालेली होती, पन्नाशीतल्या ८० टक्के लोकांची. फुगवटा विशीतल्या ३० टक्क्यांना होता. आणि यातल्या कोणालाही काही त्रास नव्हता. म्हणजे माझ्या चित्रात जे काळं दिसत होतं ते दुखण्याचं कारण असूही शकत होतं, नसूही. चित्रात दुखणं दिसत नाही, एवढं एक वाक्य मला आधी कळलं असतं तर त्या आठवड्यातली माझी निम्मी भीती गेली असती.

पुढच्या पंधरा दिवसांत दोन ठिकाणी दाखवलं. पहिल्या सर्जननी चित्र प्रकाशावर धरलं आणि म्हणाले, “दोन मणके स्क्रू घालून जोडून टाकू. तिथली हालचाल थांबली की दुखणं थांबेल.” मला ओणवं करून, पाय उचलायला लावून तपासलं नाही. दुसरीकडे पुनर्निर्मिती उपचारांचं केंद्र होतं. तिथल्या डॉक्टरांनी माझ्याशी पाऊण तास बोलून सगळं ऐकून घेतलं, आणि शेवटी म्हणाले, “तुमच्याच रक्तातल्या प्लेटलेट्स काढून गादीत सोडायच्या. नाहीतर अस्थिमज्जेतल्या मूलपेशी. गादी पुन्हा भरून येते.” मी तिथून बाहेर पडले तेव्हा वर्षभरात पहिल्यांदा हलकं वाटत होतं. ऐकून घेतल्याचा तो परिणाम होता हे मला आज कळतं. तेव्हा तो उपचारावरचा विश्वास वाटला.

माझ्या धाकट्या भावाला सगळं सांगितलं. तो डॉक्टर नाही, पण त्यानं एकच प्रश्न विचारला : “ताई, गादी भरून आल्याचा कोणाचा आधीचा आणि नंतरचा एमआरआय दाखवला का त्यांनी?”

नव्हता दाखवला. मी फोन करून विचारलं, तर बरं वाटलेल्या लोकांच्या चित्रफिती पाठवल्या.

मग मी वाचायला बसले. बसले म्हणजे पोटावर पडून वाचायला लागले. गादी आपणहून का भरून येत नाही, हे आधी समजून घेतलं. मणक्यांमधली गादी हा शरीरातला रक्तवाहिन्या नसलेला सगळ्यात मोठा भाग. तिला प्राणवायू आणि साखर मिळते ती वरच्या-खालच्या मणक्याच्या पातळ पृष्ठातून झिरपत. आत पेशी थोड्याच, त्याही कमी प्राणवायूत आणि आम्लात जगणाऱ्या. झिजलेल्या गादीत ते झिरपणंही मंदावतं. मग बाहेरून नव्या पेशी आणून सोडल्या तर त्यांनी तिथे काय खाऊन जगायचं? हा प्रश्न कोणीही विचारेल. शास्त्रज्ञही तोच विचारत आहेत.

मूलपेशींच्या ज्या मोठ्या चाचण्या मी वाचल्या त्यांनी माझी आशा बरीच खाली आणली. ४०४ रुग्णांवरच्या तिसऱ्या टप्प्यातल्या चाचणीत पेशी टोचलेल्या आणि नुसतं खारं पाणी टोचलेल्या लोकांची तुलना होती. चाचणीचं ठरवलेलं मुख्य उद्दिष्ट साध्य झालं नाही. युरोपात ११४ रुग्णांवर झालेल्या चाचणीतही, लुटुपुटीच्या उपचारापेक्षा पेशी सरस ठरल्या नाहीत. प्लेटलेट्सचं, म्हणजे पीआरपीचं, चित्र जरा वेगळं होतं. २०१६च्या ४७ जणांच्या एका छोट्या चाचणीत आठ आठवड्यांनी पीआरपी घेतलेल्यांचं दुखणं आणि हालचाल सुधारलेली दिसली. पण ४७ जण म्हणजे मूठभर माणसं.

मणके जोडण्याबद्दलही वाचलं, आणि तिथेही उत्तर सरळ नव्हतं. २००१ साली स्वीडनमधल्या २९४ रुग्णांत शस्त्रक्रियेचा गट नेहमीच्या फिजिओथेरपीपेक्षा बरा ठरला होता. पण २००३ साली नॉर्वेत आणि २००५ साली ब्रिटनमध्ये तुलना झाली ती नेटानं घेतलेल्या व्यायामाच्या, भीती घालवणाऱ्या कार्यक्रमाशी. ब्रिटनमधल्या ३४९ रुग्णांत दोन्ही गट सुधारले, फरक नाममात्र. २०१६ साली तर ब्रिटनच्या ‘नाइस’ या सरकारी आरोग्य संस्थेनं, नुसत्या कंबरदुखीसाठी मणके जोडण्याची शस्त्रक्रिया संशोधनाबाहेर देऊच नये, असं मार्गदर्शन काढलं. कृत्रिम गादी तर बसवूच नये, असं म्हटलं. मणका घसरलेला असेल, मोडला असेल, जंतुसंसर्ग किंवा गाठ असेल तर गोष्ट निराळी. माझं त्यातलं काहीच नव्हतं.

म्हणजे शस्त्रक्रिया नको, हे माझं ठरलं. आणि इथे माझी चूक झाली. जोडलेले मणके परत सुटे होत नाहीत, सुईनं मात्र काही बिघडणार नाही, अशी मी मनाची समजूत घातली. नेटानं व्यायाम हाच एक मार्ग पुराव्याला उतरला होता, पण मला काहीतरी ‘करून घ्यायचं’ होतं. वर्षभर दुखत असलेल्या माणसाला व्यायाम म्हणजे परत पाठवणी वाटते. मला तशीच वाटली.

मी पीआरपी घेतलं. आधी आणि नंतर काही आठवडे सूज कमी करणाऱ्या वेदनाशामक गोळ्या बंद, कारण त्या प्लेटलेट्सच्या कामात अडथळा आणतात. हातातून रक्त काढलं, यंत्रात गरगर फिरवून वेगळं केलं. मला पालथं झोपवलं, कातडी बधिर केली आणि एक्स-रेच्या पडद्यावर पाहत कण्याच्या बाजूनं लांब सुई गादीपर्यंत नेली. आत जेमतेम दोन मिलिलिटर गेलं असेल. ते जाताना नेमकं माझंच दुखणं, तोच अंगठा, दहापट जोरानं उठला. डॉक्टर म्हणाले, “हीच गादी आहे, बघा.” त्या कळेतही मला बरं वाटलं, की निदान जागा तरी बरोबर आहे. जंतुसंसर्ग होऊ नये म्हणून प्रतिजैविक दिलं होतं. गादीला रक्तपुरवठा नसल्यानं तिथला संसर्ग फार चिवट असतो.

पुढचे पाच दिवस वाईट गेले. मग उतार पडला. मी दर महिन्याला ऑस्वेस्ट्री प्रश्नावली भरत होते. बसणं, उचलणं, झोप अशा दहा बाबींवरून शंभरातला आकडा निघतो. जितका मोठा तितका त्रास जास्त. सुईआधी माझा आकडा ४६ होता. आठ आठवड्यांनी २८. मी सगळ्यांना फोन करून सांगितलं. सहा महिन्यांनी तो परत ३८ झाला.

हा उतार कशाचा होता? तिसऱ्या आठवड्यापासून मी फिजिओथेरपीही सुरू केली होती. शिवाय खारं पाणी टोचलेल्या लोकांनाही या चाचण्यांमध्ये बरं वाटतच होतं. दुखणं भरतीवर असताना माणूस उपचार घेतो, आणि भरती आपोआप ओसरतेही. मला बरं वाटलं हे खरं. सुईनं वाटलं असं मी छातीवर हात ठेवून म्हणू शकत नाही. वर्षानंतरच्या एमआरआयमध्ये ती गादी होती तशीच काळी होती.

सुईला चौदा महिने झाले तेव्हा एका सकाळी शिंक आली आणि उजव्या कुल्ह्यापासून पावलाच्या वरच्या भागापर्यंत वीज गेल्यासारखी कळ गेली. गंमत अशी की कंबर त्या दिवशी फारशी दुखलीच नाही. दोन आठवड्यांत पायाचा अंगठा वर उचलताना जड वाटू लागला. चप्पल पायातून निसटायची.

या वेळी मी तिसऱ्या एका सर्जन बाईंकडे गेले. त्यांनी चित्र बाजूला ठेवलं आणि पहिला प्रश्न विचारला, “कमरेत दुखतं की पायात?” मग लघवीला अडतंय का, बसायच्या जागी बधिर वाटतं का, हे विचारलं, तसं असतं तर त्याच दिवशी शस्त्रक्रिया करावी लागली असती, म्हणाल्या. टाचांवर चालवलं, पाय सरळ उचलून पाहिला, अंगठ्यावर बोट दाबून धरलं. एल-४–एल-५च्या गादीचा तुकडा बाहेर येऊन पाचव्या नसेवर बसला होता.

“आधीची तुमची कंबरदुखी आणि आत्ताची ही कळ, ही दोन वेगळी दुखणी आहेत,” त्या म्हणाल्या. “नस दबल्याचं मी सोडवू शकते. कंबरेचं वचन मी देणार नाही.” एवढं स्वच्छ मला आधी कोणीच सांगितलं नव्हतं.

त्यांनी घाईही केली नाही. बाहेर आलेले तुकडे शरीर पुष्कळदा आपणच गिळून टाकतं. मोठा, सुटा तुकडा तर फुगवट्यापेक्षा जास्त वेळा विरतो, हे ऐकून मला नवल वाटलं. २००७ साली नेदरलँड्समधल्या २८३ रुग्णांच्या अभ्यासात लवकर शस्त्रक्रिया केलेले आणि थांबलेले, दोघेही वर्षाअखेर सारखेच बरे झाले होते. शस्त्रक्रियेनं आराम लवकर मिळाला, इतकंच. थांबलेल्यांपैकी ३९ टक्के जणांनी पुढे शस्त्रक्रिया करून घेतलीच. आम्ही आणखी तीन आठवडे थांबलो. अंगठा आणखी खाली आला, तेव्हा ठरवलं.

मी त्यांना तो प्रश्न विचारलाच, जो मला झोपू देत नव्हता : हे माझ्या त्या सुईमुळे झालं का? निदानासाठी गादीत सुई घालून द्रव सोडण्याची एक जुनी तपासणी आहे. २००९ साली अशा लोकांचा दहा वर्षांचा अभ्यास प्रसिद्ध झाला, त्यात सुई गेलेल्या गाद्या जास्त झिजल्या होत्या, आणि तुकडा बाहेर येण्याचं प्रमाणही जास्त होतं. तेही सुई गेलेल्या बाजूलाच अधिक. माझी सुई उजवीकडून गेली होती. बाई थोडा वेळ थांबल्या. म्हणाल्या, “तुमच्या गादीला चीर आधीपासून होती. हो म्हणता येत नाही, नाही म्हणता येत नाही.” उपचाराआधी कागदावर सही केली त्यात जंतुसंसर्ग होता, रक्तस्राव होता, डोकेदुखी होती. हे नव्हतं. मला याचा राग आहे आणि तो मी दडवणार नाही.

शस्त्रक्रिया लहान होती : पूर्ण भूल, दोन-अडीच सेंटिमीटरचा छेद, सूक्ष्मदर्शकातून फक्त बाहेर आलेला तुकडा काढला. गादी तिथेच ठेवली, स्क्रू नाही. शुद्धीवर आले तेव्हा पायातली कळ नव्हती. नुसती कमी झालेली नाही, नव्हतीच. तुकडा परत बाहेर येण्याची शक्यता शंभरात पाच ते पंधरा, हे मला आधीच सांगितलं होतं.

कंबर? ती बाईंनी सांगितल्याप्रमाणे माझ्याजवळच राहिली. तिच्यासाठी दीड वर्षापूर्वी ज्याला मी परत पाठवणी समजले, तेच आता करते : आठवड्यातून तीनदा वजनांचे व्यायाम, रोजचं चालणं, आणि वाकायची भीती थोडी थोडी मोडत जाणं. फिजिओथेरपिस्टनं पहिल्या दिवशी जमिनीवरची रिकामी पेटी उचलायला सांगितली तेव्हा मला रडू आलं होतं. आता ती पेटी वह्यांनी भरलेली असते.

गेल्या महिन्यात ऑस्वेस्ट्रीचा आकडा २२ आला. सलग चाळीस मिनिटं बसता येतं, मग उठावं लागतं. उजव्या अंगठ्यात डाव्याइतका जोर अजून नाही. रोज रात्री झोपण्याआधी दोन्ही अंगठे वर उचलून मी दहापर्यंत मोजते. उजवा सातवर थरथरायला लागतो. जानेवारीत तो तीनवरच थरथरायचा.